जुन्या जलरंग-चित्राची पाठ आधी वाचा

आत्याच्या गिरगावातल्या खोलीतून समुद्राचं चित्र घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी मी त्याचं नुकसान करून ठेवलं. काच मळली होती. काचेच्या आत, समुद्रावर, डाळीएवढा एक तपकिरी ठिपका होता. मी फ्रेम उघडली, कापूस ओला करून घट्ट पिळला आणि ठिपक्यावरून एकदाच, अगदी हलक्या हाताने फिरवला. ठिपका जागच्या जागी. कापूस निळा. दोन होड्यांच्या मधला नखाएवढा समुद्र तेव्हापासून फिका आहे.

जलरंगात रंगाची पूड कागदाला धरून ठेवतो तो बाभळीच्या जातीतल्या झाडांचा डिंक, आणि डिंक सत्तर वर्षांनीही पाण्यात विरघळतो. तैलचित्रावर निदान वार्निशचा थर असतो. इथे उघडा कागद आणि त्यावर उघडा रंग. वारशाने, जुन्या बाजारातून किंवा कुणाच्या घराच्या आवराआवरीतून असं एखादं किनाऱ्याचं चित्र तुमच्या हाती आलं असेल, तर मी जे उलट्या क्रमाने शिकलो ते तुम्ही सुलट क्रमाने करा. आधी बघायचं, मग नोंदी करायच्या, मग किंमत. साफसफाई सगळ्यात शेवटी, आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या हातून.

पहिला दिवस : हात मागे

चित्र भिंतीवरून उतरवून आडवं ठेवा. काच तडकलेली असेल तर काचेवर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारा, म्हणजे तुकडा आत घसरून कागद फाडणार नाही. मग मोबाइलने फोटो काढा: समोरून, चारही कोपरे, पाठ, फ्रेमच्या कडा, लेबल असेल तर ते जवळून. खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद ठेवा. काचेत आपलंच तोंड दिसतं, म्हणून थोडं तिरकं उभं राहा.

त्याच दिवशी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला फोन करा. चित्र कुठे टांगलेलं असायचं, कुणी आणलं, कधी फ्रेम बदलली, हे विचारा आणि कुणी काय सांगितलं ते तारीख घालून वहीत लिहा. आमच्या काकांनी ठणकावून सांगितलं, "ते धुरंधरांचं आहे." मराठी घरातलं प्रत्येक जुनं चित्र धुरंधरांचं असतं, नाहीतर रविवर्म्याचं. लिहून घ्यायचं; मानायची घाई करायची नाही. पण "पूर्वी ते देवघराच्या वर होतं" हे काकांचं दुसरं वाक्य मात्र फार कामाचं निघालं. काचेच्या आतल्या बाजूला जो पिवळट चिकट थर होता तो निरांजनाचा आणि उदबत्तीचा होता.

हाताने काढलंय की छापलंय?

घड्याळजी वापरतो तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दोन-तीनशे रुपयांचंही चालतं. आभाळाचा आणि पाण्याचा भाग बघा. ओळीने मांडलेले ठिपके, चार रंगांची बारीक फुलं दिसली तर ते छापील. अलीकडे जाड खरबरीत कागदावर प्रिंटरने काढलेल्या प्रतीही मिळतात. त्यांत फवारल्यासारखे अगदी बारीक ठिपके असतात आणि पांढऱ्या भागातही एखाददुसरा भरकटलेला ठिपका सापडतो. जुनी शिळाछापाची चित्रं थोडी फसवतात, कारण त्यांचे ठिपके एकसारखे नसतात. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली सुरू झाला. तिथल्यासारख्या ओलिओग्राफांवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापांवर, बऱ्याचदा वार्निशची चकाकी असते, तर जलरंग मुळातच कोरडा, मॅट दिसतो.

खऱ्या जलरंगात तीन गोष्टी शोधा. ओल्या रंगाचा थर वाळताना कडेला गडद रेघ सोडतो. अल्ट्रामरीनसारखा जड निळा कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतो, त्यामुळे समुद्र भिंगातून रवाळ दिसतो. आणि रंगाखाली कुठेतरी पेन्सिल असते, क्षितिजाची, डोलकाठीची. आता दिवे मालवून बॅटरी कागदाला जवळजवळ समांतर धरा. लाटांचे पांढरे तुरे कसे आणलेत ते कळेल: कागद कोरा सोडलाय, पातीने खरवडलाय, की वरून जाड पांढरा लावलाय. खरवडलेली जागा तिरक्या उजेडात मखमलीसारखी उभी राहते. छापील चित्राला हे जमत नाही.

फ्रेम उघडताना

टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरा, चित्र पालथं घाला. मागचा खाकी कागद ब्लेडने कडेकडेने कापा. फाडू नका, त्यावर काही लिहिलेलं असू शकतं. चुका पक्कडीने सरळ वर ओढा. प्लाय किंवा पुठ्ठा उचलताना दर वेळी थांबून खाली काय चिकटलंय ते बघा. चित्र काचेला चिकटलेलं असेल तर तिथेच थांबा, सगळं पुन्हा तसंच ठेवा आणि संवर्धकाकडे, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे, न्या. ओढलंत तर चित्र कागदावर राहणार नाही, काचेवर राहील.

जुनी फ्रेम, जुना माउंट (चित्राभोवतीची खिडकी कापलेला पुठ्ठा), लेबलं, इतकंच काय पाठीला लावलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा टाकू नका. त्या तुकड्यावर तारीख असते. सगळं एका पाकिटात घालून वर चित्राचं नाव लिहा.

पाठ वाचणं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. समोरची बाजू चित्रकाराने दाखवायला केलेली असते. पाठीवर माणसं विसरून लिहितात.

आमच्या फ्रेमच्या मागे फ्रेमवाल्याचं लेबल होतं, पत्ता "गिरगाव, मुंबई ४". पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मुंबईत टपालाचे असे एक-दोन आकडी विभाग होते. म्हणजे फ्रेम साधारण त्याआधीची. जुना पाच-सहा आकडी फोन नंबर असेल तर तोही याच कामाचा. पण हे वय फ्रेमचं, चित्राचं नव्हे. चित्र तिच्याहून कितीतरी जुनं असू शकतं, आणि जुन्या फ्रेममध्ये नवं चित्र बसवणारेही असतात.

प्लाय काढल्यावर कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: "हर्णै, मे" आणि कोपऱ्यात "१५-८-०". हर्णै म्हणजे कोकणातलं बंदर. आकडे म्हणजे पंधरा रुपये, आठ आणे, शून्य पै. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्यानंतरही लोक तोंडाने आणे म्हणत राहिले, पण अशी तीन घरांची किंमत लिहिणारा माणूस बहुधा त्याआधीचा. सालाचा कागद नाही, दाखला नाही, तरी वरची एक मर्यादा मिळाली.

प्रदर्शनाचं लेबल मिळालं तर नशीब समजा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून. त्यांच्या प्रदर्शनांच्या सूची निघत असत. लेबलावरचा क्रमांक आणि सूचीतला क्रमांक जुळला तर चित्रकार, शीर्षक आणि साल एकदम हाती लागतं.

कागद मोजा

ही युक्ती मला एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी दिली. जलरंगाचा जुना विलायती कागद इंपीरियल मापाचा, २२ बाय ३० इंच. त्याचा अर्धा १५ बाय २२, पाव ११ बाय १५. बाहेर जाऊन चित्र काढणारे बहुतेक अर्ध्या किंवा पाव कागदावर काम करायचे. तुमच्या चित्राचं माप याच्या जवळ असेल आणि कडांना टाचण्यांची भोकं किंवा कागद ताणून बसवताना लावलेल्या डिंकपट्टीचा माग असेल, तर कागद शाबूत आहे.

आमचं चित्र १५ इंच रुंद आणि सव्वादहा इंच उंच निघालं. पाऊण इंच गेला कुठे? खालची कड सरळसोट, ताजी कापलेली. उरलेल्या तीन कडांना भोकं. कुण्या फ्रेमवाल्याने तयार फ्रेममध्ये बसावं म्हणून खालची पट्टी उडवली होती. सही त्याच पट्टीत होती. आता वाळूत दोन अक्षरांचे फक्त वरचे शेंडे दिसतात.

कागद हलक्या हाताने उजेडासमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, शोधा. इंग्लंडच्या व्हॉटमन कागदावर नाव आणि पुष्कळदा सालही असायचं. पाव कागदावर ते पूर्ण येईलच असं नाही. आमच्याकडे 'मॅन' एवढाच शेवट आला. साल मिळालं तरी ते कागदाचं. चित्र त्याआधीचं नाही इतकंच त्यावरून ठरतं, कारण चांगला कागद लोक वर्षानुवर्षं जपून वापरत.

नोटा तपासायची अतिनील बॅटरी मिळते. अंधारात दोन-चार सेकंदच मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळक रसायन आहे, आणि असे कागद साधारण १९५० नंतरचे. सहीजवळ '१९२२' लिहिलंय आणि कागद ट्यूबलाइटसारखा पेटलाय, तर तिथेच थबकायला हवं.

किनारा कोणता आणि कधीचा

समुद्राच्या चित्रात तारखा सांडलेल्या असतात. मुंबईचं दृश्य असेल तर इमारती बघा: राजाबाई टॉवर १८७८ ला पुरा झाला, ताजमहाल हॉटेल १९०३ ला उघडलं, गेटवे डिसेंबर १९२४ मध्ये. ताज दिसतंय आणि पुढे अपोलो बंदरावर गेटवे नाही, तर वीसेक वर्षांचा पट्टा आपोआप आखला जातो. अर्थात चित्रकार नको असलेली इमारत खुशाल वगळतो, हेही धरून चाला.

होड्या तर त्याहून बोलक्या. त्रिकोणी शीड, तिरकी परबाण (शिडाचा आडवा वासा), बाजूला उलांडी (तोल राखणारं तरतं लाकूड) बांधलेली लहान होडी: ही दक्षिण कोकण-गोव्याकडची खूण. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मच्छीमार होड्यांना इंजिनं बसू लागली ती १९५० नंतर, आणि शिडं पुढच्या काही दशकांत कमी होत गेली. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतील तर चित्र पावसाळ्याचं. परंपरेने नारळी पौर्णिमेआधी त्या पाण्यात जात नसत. 'हर्णै' हे पेन्सिलीतलं नाव मी तिथे जाऊन ताडून पाहिलं. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात पायाखाली पाणी आणि कोळंबी घेऊन उभा राहिलो आणि मोबाइलवरचा फोटो समोर धरला. सुवर्णदुर्गाची तटबंदी पाण्यावर जशी आडवी पडलेली दिसते तशीच चित्रात होती. चित्रकार तिथे बसला होता, याबद्दल मला आता शंका नाही. कोण होता हे कळलेलं नाही.

सहीचा मोह

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथून आणि सरकारी ड्रॉइंग परीक्षांमधून तयार झालेल्या माणसांनी महाराष्ट्रभर शाळांमधून चित्रकला शिकवली आणि सुट्टीत किनारे, घाट, देवळं रंगवली. धुरंधर, हळदणकर, परांडेकर ही त्यातली गाजलेली नावं. पण घराघरांतली बहुतेक जलरंग-चित्रं आज कुणाच्या लक्षात नसलेल्या ड्रॉइंग मास्तरांची आहेत, आणि त्यातली काही अप्रतिम आहेत. याशिवाय वेळ घालवायला किनाऱ्यावर बसणारे ब्रिटिश अधिकारी आणि त्यांच्या बायकाही होत्या.

नावाची ओढ केवढी असते त्याचं उदाहरण म्हणजे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हातात समई धरलेल्या बाईचं चित्र. ते जलरंगातलं आहे आणि सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं आहे. तरी वर्षानुवर्षं लोक ते रविवर्म्यांचं म्हणून सांगत आले.

सही भिंगाखाली बघा. ती चित्राच्याच रंगात, ओल्या हाताने केलेली आणि कागदात मुरलेली असावी. मळाच्या किंवा तपकिरी डागाच्या वरून गेलेली सही नंतरची. बॉलपेनची सही आणि साल १९२५, तर विषय संपला. मग त्या चित्रकाराच्या संग्रहालयातल्या, नक्की माहीत असलेल्या सह्यांशी ताडा. पण सही जुळण्याआधी हात जुळायला हवा: पाणी कसं रंगवतो, माणसं किती रेषांत उभी करतो.

रंग किती उडालाय

माउंटच्या खिडकीची कड उचलून खाली झाकलेली चिंचोळी पट्टी बघा. तिथे उजेड पोचलेला नसतो. उघडा भाग आणि झाकलेला भाग यांतला फरक म्हणजे चित्राने सोसलेल्या उन्हाचा हिशोब.

आमच्या घरात त्या चित्राला सगळे 'हर्णैची संध्याकाळ' म्हणत. गुलाबी आभाळ, तांबूस ढग. माउंट उचलला आणि वरच्या कडेला अर्ध्या बोटाची पट्टी दिसली: करडी निळी, पावसाआधीच्या दुपारसारखी. क्षणभर मला वाटलं खाली दुसरं चित्र आहे. ढगांचा करडा रंग करण्यासाठी जुने चित्रकार नीळ आणि गेरूच्या जातीचा तांबडा एकत्र करायचे. नीळ उजेडात उडते, तांबडा लोहरंग जागचा हलत नाही. निळं निघून गेलं, तांबडं राहिलं, आणि आम्ही त्याला संध्याकाळ म्हणत राहिलो. पाठीवर 'मे' का लिहिलंय तेही मग उमगलं. वळवाचे ढग होते ते.

जलरंग उजेडाने उडतात का, यावर इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला होता. रसेल आणि ॲबनी या दोघांनी प्रयोग करून १८८८ साली अहवाल दिला: पुष्कळ रंग उडतात, आणि हवा व ओल काढून टाकली तर ते उडणं फार कमी होतं. उजेड आणि ओल ही जोडी आहे. आपल्या किनाऱ्याला दोन्ही भरपूर. नीळ, जुना गॅम्बोज पिवळा, काही लाल रंग नाजूक. गेरू, पिवळी माती, कोबाल्ट पक्के. उडालेला रंग परत आणता येत नाही. कुणी 'रंग उजळून देतो' म्हणालं तर तो वरून नवा रंग मारणार आहे.

बाकीचं पटापट नोंदवा. लालसर तपकिरी ठिपके, म्हणजे फॉक्सिंग: बुरशी किंवा कागदातले लोहकण. खिडकीच्या कडेभोवती तपकिरी चौकट: माउंटच्या पुठ्ठ्यातलं आम्ल. पाठीवर लाकडाच्या गाठीचा डाग: मागे कच्ची फळी होती. कागदाचा वरचा पापुद्रा खरवडल्यासारखा गेलेला: कसर. तिला कागदावरचं सरस आणि खळ आवडते. जाड पांढरा काळपटला असेल तर तो शिशाचा पांढरा असू शकतो.

किंमत

आता थोडं कडू. सही नाही, नाव नाही, रंग उडालाय, कड कापलीय: अशा चित्राचा बाजारभाव नव्या फ्रेमच्या खर्चाइतकाही न निघण्याची शक्यता मोठी असते. नाव मोठं आणि खात्रीचं असेल तर खेळ पूर्ण बदलतो. मधली जागा अरुंद आहे.

मुंबईच्या सॅफरनआर्ट, पंडोल्स, ॲस्टागुरू या लिलावगृहांचे मागचे निकाल संकेतस्थळांवर बघता येतात. बघताना तोच चित्रकार, तेच माध्यम, जवळचं माप एवढंच ताडा. धुरंधरांच्या तैलचित्राचा आकडा त्यांच्या पोस्टकार्डएवढ्या जलरंगाला लावू नका. आकड्यात घेणाऱ्याने भरलेलं कमिशन धरलंय का तेही पाहा. विकणाऱ्याच्या हातात तेवढं येत नसतं. आणि जाहिरातीत मागितलेली किंमत ही किंमत नव्हेच.

लेखी मूल्यांकन हवं असेल तर कशासाठी ते आधी सांगा, कारण विम्याचा आकडा, विक्रीचा आकडा आणि वाटणीचा आकडा वेगवेगळे निघतात. कागदावर माप, माध्यम, अवस्था, तारीख, उद्देश आणि आकड्यामागचं कारण यायला हवं. फी ठरावीक असावी, किमतीची टक्केवारी नको. मला एका जाणकाराने व्हॉट्सॲपवरचा फोटो बघून आकडा सांगितला आणि त्याच दमात "मीच घेतो" म्हणाला. जो विकत घेणार आहे त्याच्याकडून मोल ठरवून घेऊ नये.

आणि भाचा न्यू जर्सीला राहतो, त्याला द्यायचंय? मग १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा समजून घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनं हाताने काढलेलं चित्र पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा, नंदलाल बोस, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा काही चित्रकारांची कामं तर वयाचा विचार न करताच कलानिधी म्हणून अडवली जातात. चित्र शंभराच्या आतलं असेल तरी विमानतळावर हुज्जत नको म्हणून ते पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्या. शंभरीपलीकडचं चित्र असेल तर नोंदणीबद्दलही तिथेच विचारा.

साफसफाई : घरी काय चालतं

फार थोडं. काच फ्रेममधून वेगळी करून धुवा, पूर्ण वाळू द्या. कागदाच्या पाठीवरची सुटी धूळ मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने मधून बाहेर झटका. रंगाच्या बाजूला हात लावू नका. ब्रेडचा गोळा फिरवण्याचा जुना सल्ला ऐकाल; त्याचे कण कागदात राहतात आणि किड्यांना जेवण होतं. खोडरबर, ओला कापूस, ब्लीच, काहीच नको. सेलोटेप ओढून काढू नका, इस्त्री तर नकोच नको.

बुरशी भुकटीसारखी कोरडी असेल तर मास्क लावून बाहेर, सावलीत, हलक्या ब्रशने झाडा. बोटाला चिकटत असेल तर ती जिवंत आहे. चित्र बाकीच्या कागदांपासून वेगळं, कोरड्या हवेशीर खोलीत ठेवा. आपल्याकडे ओल आली की ऊन दाखवायची सवय. पापड, गोधड्या, पुस्तकं यांचं ठीक. चित्राला ऊन दाखवलं की बुरशी मरेल न मरेल, नीळ नक्की जाईल.

पुढचं काम कागदाच्या संवर्धकाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेची केंद्रं आहेत, लखनौला राष्ट्रीय पातळीवरची संवर्धनाची प्रयोगशाळा आहे. निदान सल्ला आणि नावं तरी तिथून मिळू शकतात. संवर्धकाला विचारा: आधी प्रत्येक रंग विरघळतो का ते तपासणार का? काय करणार ते लिहून देणार का? आधीचे-नंतरचे फोटो मिळतील? केलेलं काम उद्या सोडवता येईल का? पहिल्याच भेटीत "एकदम नव्यासारखं करतो" म्हणणाऱ्याकडून चित्र परत आणा.

नवा माउंट, नवी फ्रेम

फ्रेमवाल्याला चार गोष्टी बजावून सांगा, आणि शक्य असेल तर समोर बसा. एक, कड कापायची नाही. चित्राच्या मापाची फ्रेम, फ्रेमच्या मापाचं चित्र नव्हे. दोन, माउंट आणि मागचा बोर्ड शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित. 'ॲसिड-फ्री' हा शब्द स्वस्त पुठ्ठ्यावरही छापलेला असतो, म्हणून कापसाचाच मागा. तीन, काच कागदाला टेकता कामा नये; जाड माउंट किंवा आत पट्टी घालून फट ठेवा. चार, चिकटवणं.

चौथ्यावरच घोडं अडतं. पांढरा गोंद, दोन्हीकडून चिकटणारी टेप, सेलोटेप यांतलं काही नको. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लटकवायचं. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजू चिकटवल्या तर तो सुरकुततो नाहीतर फाटतो. खळीत मोरचूद घालू देऊ नका. बाइंडर लोक किड्यांसाठी घालतात आणि वहीला ते चालून जातं, पण त्यातलं तांबं वर्षांनुवर्षं कागद जाळत राहतं.

अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक परवडत असेल तर घ्या. तिनेही रंग उडणं थांबत नाही, फक्त मंदावतं.

भिंत आणि पावसाळा

बाहेरची भिंत, न्हाणीघराची भिंत, देवघर, गॅस आणि समोर खिडकी हे सोडून जी जागा उरते ती चित्राची. आमच्याकडे ती बोळातली निघाली. संग्रहालयं कागदावरच्या चित्रांना ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अंदाजापुरतं ठीक आहे. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळते.

तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक त्या भिंतीवर टांगा. ५० टक्क्यांच्या आसपास उत्तम, ६५ च्या वर बुरशीला आमंत्रण, आणि किनाऱ्यावर जुलैत काटा ८५-९० ला सहज जातो. रात्री एसी लावायचा आणि दिवसा बंद करायचा, हेही चित्राला त्रासाचं, कारण कागद रोज ताणतो आणि सैल पडतो. म्हणून पावसाळ्यात उतरवून ठेवणं बरं. चित्र आम्लरहित फोल्डरमध्ये, आडवं, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की भाजून पुन्हा वापरायच्या. माळ्यावर नको, पलंगाखाली नको. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेच्या आत बसते.

आमचं हर्णै जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरतं आणि दसऱ्यानंतर चढतं. नव्या माउंटची खिडकी मी मुद्दाम मोठी कापून घेतली, भोकं दिसतील, सहीचे शेंडे दिसतील आणि वरची ती करडी निळी पट्टीही दिसेल इतकी. ती पट्टी आता उजेडात आली म्हणजे तीही उडणार, हे संवर्धकाने दोनदा सांगितलं. म्हणून बोळातला दिवा कुणी आलं तरच लावतो, आणि दर वर्षी चढवताना पट्टीचा त्याच खिडकीशी, त्याच वेळेला फोटो काढतो. मागच्या बोर्डावर पेन्सिलीने चार ओळी वाढल्या आहेत. शेवटची अशी: "जून. उतरवलं. मागे कसरीची एक कात. काच आतून कोरडी. पट्टी तशीच."